हायब्रीड बंद करून कंपन्यांनी सरळ इलेक्ट्रिकच काढाव्यात का? (पंगतीतलं भांडण इथं आणलंय)

वाळूजकर:
नमस्कार मंडळी. कुठली गाडी घेऊ असा धागा नाहीये हा, ते नंतर विचारीन, आधी डोक्यात किडा शिरलाय तो काढतो. परवा एका लग्नात भाचा भेटला, तो चाकणला बॅटरी पॅकच्या कामात आहे, पंगतीत बसल्या बसल्या म्हणला मामा हायब्रीड म्हणजे नुसता टाइमपास, कंपन्यांनी ते बंद करावं आणि सगळा पैसा इलेक्ट्रिकमध्ये घालावा, दोन डगरींवर पाय ठेवून कोण कुठं पोचलंय. शेजारी माझा साडू, त्याच्याकडे २०२३ची ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही, थोडं अंतर नुसत्या मोटरवर पण जाते), तो लगेच उसळला की मला शहरात २२चं अ‍ॅव्हरेज पडतंय, गावाला जाताना प्लग शोधत फिरावं लागत नाही, तू कोण मला सांगणारा. जिलबी संपली, मठ्ठा संपला, यांचं काही संपेना.

आता आमच्या संभाजीनगरला बिडकीनला टोयोटा येणारे, २०२४च्या जुलैत सरकारशी करार झाला, २० हजार कोटींच्या आसपासचा आकडा होता, आणि त्यात हायब्रीड आणि इलेक्ट्रिक दोन्हीचं नाव आहे. म्हणजे १९९७ पासून प्रियस विकणारी कंपनी अजून हायब्रीड सोडायला तयार नाही. इकडे टाटा महिंद्रावाले म्हणतात हायब्रीडला सवलत देऊच नका. सरकार पण इलेक्ट्रिकच्याच बाजूनं दिसतंय कारण इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडवर ४०, सप्टेंबर २०२५च्या आधी तर सेस धरून ४३ होता. यूपीनं मात्र २०२४ला स्ट्राँग हायब्रीडचा रजिस्ट्रेशन टॅक्सच माफ केला होता. मग नेमकं खरं कोणाचं? हायब्रीड हे मधलं स्टेशन आहे की खरंच टाइमपास? माझं स्वतःचं रोजचं ५५ किलोमीटर आहे, महिन्यातून एकदा पुणे, वर्षातून दोनदा लातूरकडे गाव. घर स्वतःचं आहे, गाडी अंगणात लागते. पण मला माझ्यापुरतं उत्तर नको, कंपन्यांनी काय करावं ते सांगा.

कोथरूडचा_प्लगवाला:
भाचा बरोबर आहे, धागा बंद करा :)

गंमत सोडा. स्ट्राँग हायब्रीडमधली बॅटरी किती असते माहितीये का? साडूच्या गाडीत पाऊण युनिटची आहे. पाऊण! माझी २०२१ची जुनी नेक्सॉन, तिच्यात ३० युनिटची. म्हणजे चाळीसपट. हायब्रीडमध्ये ब्रेक मारल्यावर जी वीज परत येते ती पण मुळात पेट्रोलपंपावरूनच आलेली असते, बाहेरून तिला एक युनिट वीज देता येत नाही. शेवटी ती पेट्रोलची गाडीच, फक्त काटकसरी सुनेसारखी.

खंडाळ्याहून खोपोलीला उतरा एकदा. साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार आहे. हायब्रीडची बॅटरी पहिल्या काही वळणांतच भरते आणि मग इंजिन ओरडायला लागतं कारण उरलेला उतार ठेवायचा कुठं? माझ्या गाडीला सगळा घाट फुकट पडतो आणि खाली आल्यावर एखाद दोन टक्के वाढलेलेच असतात. चढताना ते व्याजासकट जातात हे पण सांगतो, नाहीतर कोणीतरी लगेच येईल.

खर्च, मला घरच्या विजेवर किलोमीटरला पावणेदोन रुपये पडतात, त्यात स्लॅब वरचा लागतो तो धरून. आणि २०२५च्या राज्याच्या धोरणापासून एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतूला इलेक्ट्रिक कारला टोल माफ. एक्स्प्रेसवेच्या एका खेपेचे ३२० वाचतात राव. कंपनीनं एकच काम करावं आणि नीट करावं. इंजिन पण, गिअरचं पण, मोटर पण, बॅटरी पण, सगळं एका बॉनेटखाली कोंबायचं आणि त्याचे दोन अडीच लाख गिऱ्हाइकाकडून घ्यायचे हा कसला पर्याय.

कराडचा_गॅरेजवाला:
२२ वर्षं गॅरेज आहे माझं, दोन गोष्टी सांगतो, पटलं तर घ्या.

पहिली म्हणजे हायब्रीड हा शब्दच लोकांनी नासवलाय. २०१५च्या सुमारास सियाझ अर्टिगावर एसएचव्हीएस लिहून यायचं, तेव्हाच्या केंद्राच्या फेम योजनेत (इलेक्ट्रिक-हायब्रीडला सबसिडी देणारी) त्याला सबसिडी पण मिळायची, २०१७ला काढली ती. त्यात काय होतं, तर स्टार्टर आणि अल्टरनेटर एकच केलेला आणि एक छोटी बॅटरी. सिग्नलला गाडी बंद पडायची आणि क्लच दाबला की चालू. अजून लोक ती घेऊन येतात आणि म्हणतात अण्णा ही विजेवर चालतच नाही. अरे बाबा ती चालणारच नाही, ती त्यासाठी केलेलीच नव्हती. त्यामुळे हायब्रीड बंद करा म्हणणाऱ्यानं आधी कुठलं ते सांगावं. नुसत्या नावाचं हायब्रीड उद्या बंद केलं तरी माझी हरकत नाही.

दुसरी, ते प्लगवाले म्हणाले की सगळं कोंबलंय. तसं बाहेरून दिसतं पण स्ट्राँग हायब्रीड उघडून बघितली तर उलटं आहे. टोयोटाच्या सिस्टीममध्ये क्लच नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, पट्ट्याचा सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा एक प्रकार) पण नाही, दोन मोटरी आणि एक दातेरी चक्रांचा सेट, त्यातच सगळं. गिअरबॉक्समध्ये झिजायला काही ठेवलंच नाही. इंजिन पण अ‍ॅटकिन्सन सायकलचं, ताकद कमी देतं पण पेट्रोल कमी खातं, कमी पडलं तर मोटर धक्का देते. माझ्याकडं एक २०१४ची कॅमरी येते, दोन लाखाच्या वर पळालीय, बॅटरी मूळचीच. ब्रेक पॅड तर बदलायचं नावच नाही. काय खराब होतं विचाराल तर साधी बारा व्होल्टची बॅटरी बसते आणि मालक घाबरून फोन करतो की हायब्रीड गेली. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घ्यायची जाळी असते, तिथं लोक पिशव्या घोंगड्या टाकून ठेवतात, धूळ बसते, बॅटरी तापते. आणि उंदीर. उंदराला नारिंगी वायर फार आवडते, ती इलेक्ट्रिकमध्ये पण आहे तेव्हा हसू नका.

इलेक्ट्रिक माझ्याकडं फारशा येतच नाहीत. टायर बदलायला येतात, वजनामुळं आणि एकदम ओढ असल्यामुळं टायर लवकर जातात. बाकी सगळं कंपनीत. माझ्यासारख्यानं ते शिकायचं कुठं हा पण प्रश्न आहे पण तो तुमच्या धाग्याचा नाही.

ठाणेकरीण:
मी इलेक्ट्रिक घ्यायला गेले आणि हायब्रीड घेऊन आले, तेव्हा माझा अनुभव लिहिते. आमच्या सोसायटीत पझल पार्किंग आहे. म्हणजे गाडी लोखंडी ताटात ठेवायची आणि ताट वर जातं. वर गेलेल्या ताटात चार्जर कसा लावणार? खाली ओपनला चार जागा आहेत तिथे कॉमन चार्जर लावू म्हटलं तर एजीएममध्ये पहिल्या वर्षी आगीची भीती निघाली, दुसऱ्या वर्षी लोड निघाला, तिसऱ्या वर्षी "ज्याला हवं त्यानं खर्च करावा" आणि चौथ्या वर्षी कोरमच झाला नाही. मी सेक्रेटरीकाकांना म्हटलं निदान एनओसी तरी द्या, ते म्हणाले देतो की, जागा कुठे दाखवायची ते तुम्हीच सांगा. तो मुद्दा त्यांचा बरोबरच होता.

मग काय, बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २० रुपयांच्या वर जातात, म्हणजे हायब्रीडच्या पेट्रोलच्या जवळजवळ जाऊन पोचलंच की, वर रांगेत उभं राहायचं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये माझं इंजिन निम्मा वेळ बंद असतं, तिथे मला २३-२४ मिळतं. नाशिकला हायवेनं गेलं की मात्र १९वर येतं, कारण सरळ वेगानं पळताना हायब्रीडचा फारसा उपयोगच होत नाही, तो खरा शहरातला प्राणी आहे. शोरूमवाले हे सांगत नाहीत, २८च्या जवळचा आकडा दाखवतात फक्त.

उद्या कंपन्यांनी हायब्रीड बंद केली तर माझ्यासारखी बाई इलेक्ट्रिक घेईल असं वाटतं का कुणाला? मी साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली असती, १२-१३च्या अ‍ॅव्हरेजची. मग कोणाचं भलं झालं?

पंपावरचा_पक्या:
तुम्ही दोन्ही पार्ट्या भांडा, तोवर आम्ही सीएनजी भरून येतो. देशात नव्या पाच गाड्यांतली एक सीएनजी आहे आता. तुमच्या हायब्रीड आणि इलेक्ट्रिक मिळून २०२४-२५ला पाच टक्क्याच्या घरात होत्या. रांग आहे मान्य, डिकी जाते मान्य (आता टाक्या खाली टाकायला लागलेत), पण दोन अडीच लाख जास्त मोजायला लागत नाहीत.

कोथरूडचा_प्लगवाला:
@ठाणेकरीण ताई तुमचं दुखणं खरंय पण ते दुखणं पार्किंगचं आहे, गाडीचं नाही. कंपन्या हायब्रीड देत राहिल्या तर सोसायट्यांवर दबाव येणारच कसा? बिल्डर पण म्हणणार लोकांचं चाललंय ना. आमच्याकडे पहिली गाडी मी आणली तेव्हा असंच झालं होतं, आता ११ आहेत आणि कमिटीच विचारते अजून कुणाला पॉईंट हवाय का.

ठाणेकरीण:
तुमच्याकडे ताटं नाहीत ना पण.

हामामात्सुहून:
जपानात नऊ वर्षं आहे, गाव सुझुकीचं, टोयोटा शेजारच्याच जिल्ह्यात. ताईंचं वाचून हसू आलं कारण इथेही अगदी तेच. इथे गाडी घ्यायची तर आधी पोलीस ठाण्यातून पार्किंगचा दाखला लागतो, की घरापासून दोन किलोमीटरच्या आत माझी जागा आहे. शहरात बहुतेकांची ती जागा म्हणजे महिन्याच्या भाड्यानं घेतलेला कुणाचा तरी मोकळा प्लॉट, वर पांढरे पट्टे मारलेले. त्या प्लॉटवर चार्जर कोण लावणार, मालक म्हणतो उद्या मी इथे इमारत बांधीन. त्यामुळे ज्या देशानं २०१० च्या डिसेंबरात निसान लीफ रस्त्यावर आणली, त्याच देशात २०२४ला नव्या शंभर गाड्यांत तीनसुद्धा निव्वळ इलेक्ट्रिक नव्हत्या. हायब्रीड मात्र जिकडेतिकडे, आमच्या गल्लीतल्या टॅक्सीपासून भाजीवाल्यापर्यंत.

पण याची दुसरी बाजू पण बघा. सुरुवातीच्या लीफमध्ये बॅटरी थंड करायची नीट सोय नव्हती, डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या पट्ट्या कमी होत गेल्या, सेकंडहँडला भाव पडला आणि लोकांच्या मनात इलेक्ट्रिकबद्दल जी अढी बसली ती बसलीच. हायब्रीड चांगल्या निघाल्या म्हणून कंपन्यांना घाई वाटली नाही. आता चिनी गाड्या थायलंडमध्ये येऊन जपानी कंपन्यांच्या तोंडचा घास काढायला लागल्यावर धावपळ चाललीय. भाच्याचं म्हणणं मी या अर्थानं घेतो, की जे चांगलं चाललंय तेच कधीकधी पाय धरून ठेवतं.

अजून एक सांगतो, २०११च्या सुनामीनंतर तिकडे तोहोकूत वीज नव्हती तेव्हा एस्टिमा हायब्रीडच्या १५०० वॉटच्या सॉकेटवर लोकांनी भात शिजवला, फोन चार्ज केले. पेट्रोल होतं तोवर गाडी म्हणजे जनरेटर. पुढे टोयोटानं ते सॉकेट प्रियसमध्ये पण दिलं, आणि निसाननं लीफवरून घर चालवायची सोय काढली. दोघांनी आपापल्या परीनं तीच गोष्ट शिकली.

आकडेमोड्या:
सगळे पैशात बोलताय, धुराचं कोणीच काढत नाही म्हणून मी काढतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. ताईंची गाडी २२ देते धरलं तर किलोमीटरला १०५ ग्रॅम. साधी पेट्रोल १२ देते, म्हणजे १९० ग्रॅम. आता प्लगवाल्यांची नेक्सॉन. ३० युनिटमध्ये खरी रेंज २०० च्या आसपास ना? चार्जिंगमध्ये थोडी गळती जाते ती धरून १०० किलोमीटरला १६-१७ युनिट. आपल्या देशात एक युनिट वीज बनवताना सरासरी ७०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन जातो कारण अजून सत्तरेक टक्के वीज कोळशाची. गुणाकार करा, १२० ग्रॅमच्या आसपास येतं. मग तारांमधली गळती. आणि तिकडे पेट्रोल काढायला, शुद्ध करायला, टँकरनं आणायला जे जातं ते पण हायब्रीडच्या खात्यात घाला, तिचे पण १२५ होतात.

म्हणजे आजच्या तारखेला बरोबरीत. ज्याला पाहिजे त्यानं नाक वर करावं पण तसं करण्याजोगं कोणाकडेच नाही. खरी हार साध्या पेट्रोल गाडीची आहे आणि गंमत म्हणजे या धाग्यात तिच्याविरुद्ध कोणीच बोलत नाहीये.

फरक पुढे पडतो. गाडी १२-१५ वर्षं वापरणार. ताईंची गाडी पहिल्या दिवशी १०५ ची, दहाव्या वर्षी पण १०५ ची, वाढेल पण कमी व्हायची नाही. प्लगवाल्यांची गाडी काही न करता सुधारत जाते, कारण ग्रीडमध्ये सोलर वाढत चाललंय. छतावर पॅनल टाकले तर अजूनच, सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. (दिवसा पॅनल वीज बनवतो आणि दिवसा गाडी ऑफिसला असते, हे मला माहितीये, नेट मीटरिंगनं (दिवसाची जादा वीज ग्रीडला देऊन बिलातून वजा करायची) हिशेब जुळतो, धूर जुळतो असं नाही.)

टोयोटा एक हिशेब मांडते तो पण बघा, एका मोठ्या इलेक्ट्रिकला लागणाऱ्या खनिजात सहा प्लगइन (बाहेरून प्लग लावून पण चार्ज होणाऱ्या) हायब्रीड किंवा ९० साध्या हायब्रीड होतात, आणि त्या ९० मिळून आयुष्यभरात ३७ पट कार्बन वाचवतात म्हणे. हिशेब म्हणून सुरेख आहे. फक्त त्यात एक गृहीत धरलंय की बॅटरीचा कच्चा माल संपत आलाय आणि तो वाटून घ्यायचाय. आता बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटऱ्या येतात, त्यात निकेल कोबाल्ट लागतच नाही. शाळेतल्या गणितासारखं आहे, दहा आंबे आहेत, किती जणांना पुरतील. अरे पण झाडाला अजून आहेत की.

आणि प्लगइनचं तर नावच काढू नका. युरोपियन कमिशननं २०२४ला खऱ्या वापराचे आकडे काढले तर कागदावरच्या साडेतीनपट धूर निघाला, कारण लोक चार्जच करत नाहीत, कंपनीच्या कार्डावर पेट्रोल भरतात.

जुना_पापी:
कंपन्यांनी काय करावं यावर इतकंच म्हणीन की काही कंपन्यांनी हे करून बघितलंय. अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे (जीएम) व्होल्ट होती, प्लगवाली हायब्रीड, लोक खूश होते, २०१९ला बंद केली की आता फक्त इलेक्ट्रिक. जानेवारी २०२४ला तीच जीएम म्हणाली प्लगइन परत आणतो. व्होल्वोनं २०३०ला सगळं इलेक्ट्रिक म्हटलं होतं, सप्टेंबर २०२४ला शब्द मागे घेतला. त्याच्याच आदल्या महिन्यात फोर्डनं तीन रांगांची इलेक्ट्रिक एसयूव्ही कॅन्सल करून हायब्रीड करू म्हटलं. आणि ज्यांना सगळे इलेक्ट्रिकचा राजा म्हणतात त्या चिनी बीवायडीनं मार्च २०२२ला निव्वळ पेट्रोल गाड्या बंद केल्या, पण प्लगइन हायब्रीड ठेवल्या, आणि बीवायडीच्या विक्रीतला निम्म्याच्या आसपास वाटा या प्लगइनचाच आहे. उलटी बाजू म्हणून नॉर्वे, तिथे २०२४ला नव्या शंभरात ८९ इलेक्ट्रिक. पण तिथे वीज पाण्याची, घराला अंगण, आणि पेट्रोल गाडीवर असा टॅक्स की विचारू नका. तिथे कंपन्यांनी काही ठरवलं नाही, सरकारनं भाव असा लावला की लोकांनीच ठरवलं.

आपल्याकडे पण कंपन्या जे बोलतात त्यामागे नियम बघा. कॅफेच्या (कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी इंधनखपत मोजायचा सरकारी नियम) हिशेबात एक इलेक्ट्रिक विकली की ती तीन गाड्या धरतात, स्ट्राँग हायब्रीड दोन. ज्याच्याकडे जे दुकानात आहे तो त्याचा भाव वाढवून मागणार. मारुतीकडे हायब्रीड होती तेव्हा मारुती हायब्रीडचे गोडवे गात होती, ऑगस्ट २०२५ला हंसलपूरला ई-व्हिटारा पण बाहेर काढली आणि त्याच दिवशी गुजरातमध्येच हायब्रीड बॅटरीच्या इलेक्ट्रोडचं काम पण सुरू केलं. पक्के व्यापारी.

भोसरी_मशीनशॉप:
बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज लिहितो. आमचं छोटं युनिट आहे, १४ माणसं, कनेक्टिंग रॉडचं मशीनिंग करतो. पार्ट मोठ्या व्हेंडरकडे जातो, तिथून कंपनीत. इलेक्ट्रिक गाडीत कनेक्टिंग रॉड नसतो. पिस्टन नसतो, क्रँकशाफ्ट नसतो, व्हॉल्व्ह नाही, सायलेन्सर नाही, रेडिएटर वेगळाच. हायब्रीडमध्ये हे सगळं असतं. तेव्हा मी कुठल्या बाजूचा असणार ते सांगायला नको.

पण खरं सांगू का, माझ्या सीएनसीवर काम टिकावं म्हणून दुनियेनं पेट्रोल जाळत राहावं असं म्हणायला जीभ रेटत नाही. माझा मुलगा दम्याचा पंप ओढतो, नाशिक फाट्याला राहतो आम्ही. मला फक्त वेळ पाहिजे. २०२०ला बीएस सिक्स (धुराचा नवा नियम) आलं तेव्हा आम्हाला तारीख आधी माहीत होती, त्यामुळे रडत खडत का होईना झालं. आता तारीखच नाही. एका मिटींगमध्ये ऐकतो की तीन वर्षांत अर्धा व्हॉल्यूम इलेक्ट्रिक होणार, पुढच्या मिटींगला हायब्रीडसाठी नवीन ड्रॉइंग येतं. नवीन मशीन घ्यायला बँकेत गेलो तर मॅनेजरनं विचारलं हा पार्ट पाच वर्षांनी चालेल का. काय सांगू त्याला? मोटरच्या शाफ्टचं सँपल करून दिलंय एका ठिकाणी, अजून ऑर्डर नाही. हायब्रीड बंद करा किंवा चालू ठेवा, पण एकदा काय ते सांगा आणि मग त्यावर राहा.

आणि चीनवाला मुद्दा कोणीच नाही काढला. २०२५च्या एप्रिलमध्ये चीननं मॅग्नेटवर बंधनं आणली तेव्हा आमच्या पट्ट्यात हाहाकार होता. ते मॅग्नेट इलेक्ट्रिकच्या मोटरला लागतात तसे हायब्रीडच्या मोटरला पण लागतात. तिथे दोघं एकाच होडीत.

कराडचा_गॅरेजवाला:
@भोसरी_मशीनशॉप भाऊ मनातलं बोललात. शाफ्टच्या ऑर्डरचं झालं की इथं कळवा.

वाळूजकर:
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. धागा भाच्याला पाठवला. तो म्हणतो बरोबरीचा आकडा त्याला मान्य नाही, कारखान्यात सोलर आहे वगैरे, आकडेमोड्यांनी बघून घ्यावं. साडूला पण पाठवला, त्यानं फक्त घाटाचा पॅरा वाचला आणि गप्प झाला, कारण कन्नड घाट उतरताना त्याचं इंजिन खरंच ओरडतं आणि तो आम्हाला सांगायचा की गाडी चार्ज होतीये.

माझं मत थोडं हललंय. आधी मला वाटायचं की कंपनीनं एक बाजू धरावी. आता ठाणेकरीण ताईंचं ताट आणि जपानचा भाड्याचा प्लॉट डोक्यातून जात नाही. ज्याच्या गाडीशेजारी चार्जर लावायला भिंत नाही त्याला हायब्रीड मिळाली पाहिजे, आणि ज्याच्याकडे भिंत आहे त्यानं ती घेतली तर तो आळशीपणा आहे. माझ्याकडे भिंत आहे. त्यामुळे मीच आळशीपणा करत होतो. बंदच करायचं असेल तर कंपन्यांनी आधी त्या १२च्या अ‍ॅव्हरेजवाल्या पेट्रोल ऑटोमॅटिक बंद कराव्यात, हायब्रीडवाल्यांच्या मागे नंतर लागा.

प्लगवाले, आता तुम्हाला वैयक्तिक प्रश्न. वर्षाला २० हजार किलोमीटर होतात माझे. हायब्रीडला किलोमीटरला पावणेपाच आणि तुमचे पावणेदोन, म्हणजे साठेक हजार वाचतात हे बरोबर ना? आणि मीटर वेगळं घ्यायचं की घरचंच चालेल?

कोथरूडचा_प्लगवाला:
साठ हजार सगळं घरी चार्ज केलंत तर. पुण्याच्या फेरीला नगरजवळ थांबून फास्ट चार्ज कराल ते महाग पडेल, पन्नास धरा. वेगळं मीटर घ्या, इव्हीसाठीचा दर वेगळा आहे, घरच्या मीटरवर घेतलं तर स्लॅब चढतो आणि बायको विचारते बिल एवढं कसं आलं. घरचा मंजूर लोड किती आहे आत्ता?

वाळूजकर:
बिलावर ३ किलोवॅट लिहिलंय.

कोथरूडचा_प्लगवाला:
मग शोरूमच्या आधी महावितरणला जा. ७.२ किलोवॅटचा चार्जर त्यावर नाही चालायचा. तसं रोजच्या ५५ किलोमीटरला नऊ दहा युनिट लागतात, १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर पण तीन साडेतीन तासात होतं, पण त्याच वेळी गीझर लावलात तर एमसीबी पडणार. आणि अर्थिंग बघून घ्या आधी. जुन्या घरांत अर्थिंग नुसतं नावाला असतं आणि चार्जर ते लगेच ओळखतो, चार्जिंग चालूच करत नाही.

वाळूजकर:
अर्थिंगचं तर मलाच माहीत नाही. वडिलांनी ८८ साली बांधलंय घर. उद्या वायरमनला बोलावतो.